परसातलं ताट आणि आठ दिवसांचं आयोडीन : विज्ञान शिक्षकांना खुलं पत्र

राज्यातल्या माध्यमिक आणि उच्च माध्यमिक शाळांमध्ये विज्ञान शिकवणाऱ्या सर्व सरांना आणि बाईंना,

सप्रेम नमस्कार.

मी एका रुग्णालयाच्या न्यूक्लिअर मेडिसिन विभागात, म्हणजे किरणोत्सारी औषधांनी तपासणी आणि उपचार होतात तिथे, बावीस वर्षं तंत्रज्ञ म्हणून काम करते आहे. तुमच्याशी माझी ओळख नाही, पण तुमचे विद्यार्थी मला रोज भेटतात. कुणी रुग्ण म्हणून येतं, कुणी आईला किंवा आत्याला घेऊन येतं. हे पत्र त्यांच्यामुळेच लिहायला घेतलं, आणि खरं सांगायचं तर एका ताटामुळे.

थायरॉईडच्या कर्करोगाची एक रुग्ण मागच्या वर्षी फेरतपासणीला आली होती. मराठवाड्यातल्या एका खेड्यातली, तिशीच्या आतबाहेरची. शस्त्रक्रिया झाल्यावर आमच्याकडे किरणोत्सारी आयोडीनचा डोस घेऊन गेली होती, त्याला आठ महिने झाले होते. तब्येत सुधारलेली, वजन भरलेलं, पण चेहरा उतरलेला. "ताई, घरी सगळं ठीक ना?" म्हटल्यावर तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिचं ताट, तांब्या, वाटी, अंथरूण अजून वेगळं होतं. जेवण झालं की ताट तिनेच घासायचं, तेही मोरीत नाही, परसात. घासून तिथेच भिंतीशी पालथं ठेवायचं. तीन वर्षांची लेक आठ महिन्यांपासून आजोळी. "तुम्हीच सांगितलं होतं ना मॅडम, लेकराला जवळ घेऊ नका म्हणून."

सांगितलं होतं, खरं आहे. पण काही दिवसांपुरतं. कोणत्या तारखेनंतर लेकीला कुशीत घ्यायला हरकत नाही, ते घरी जाताना दिलेल्या कार्डावर लिहिलेलं होतं. ते कार्ड इंग्रजीत होतं. चूक आमच्या बाजूची होती आणि तिची किंमत त्या बाईने आणि तिच्या लेकीने मोजली. आता कार्ड मराठीत आहे. पण चूक तेवढीच नव्हती, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

तिच्यासोबत दिराचा मुलगा आला होता, बारावी सायन्स झालेला. त्याला मी बाजूला बसवलं. "आयोडीन-१३१ चं अर्धायुष्य किती रे?" क्षणाचाही विलंब न लावता म्हणाला, "आठ दिवस." म्हणजे दर आठ दिवसांनी ते निम्मं होत जातं. सूत्र विचारलं, तेही पाठ. मग त्याच्यापुढे कोरा कागद ठेवला. आठ महिन्यांचे दिवस किती? २४०. म्हणजे अर्धायुष्यं किती झाली? ३०. मग एका संख्येचं तीस वेळा अर्धं करत गेलं तर काय उरेल? त्याने मोबाईलवर आकडेमोड केली आणि स्क्रीनकडे बघतच राहिला. सुरुवातीच्या डोसचा एकशे सात कोटींवा भाग. हाही नुसता कागदावरचा हिशोब, कारण शरीर आयोडीनसाठी आठ दिवस थांबत नाही. न शोषलेलं बहुतेक आयोडीन पहिल्या दोन-तीन दिवसांतच लघवीवाटे निघून जातं.

"म्हणजे काकूमध्ये काहीच नाहीये?" त्याने विचारलं.

तो मुलगा हुशार आहे, आणि त्याला शिकवणारेही मनापासूनच शिकवत असणार. हे गणित त्याने वहीत कितीदा तरी सोडवलं असेल. फक्त त्या गणितातला 'नमुना' म्हणजे आपल्या घरची काकूही असू शकते, हे त्याला कधी कुणी दाखवलं नव्हतं. आठ महिने तो त्याच घरात जेवत होता आणि परसातलं ते ताट त्याला रोज दिसत होतं.

माझी विनंती एवढीच आहे. समस्थानिकांच्या (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंच्या) धड्याच्या शेवटी उपयोगांच्या चार-पाच ओळी असतात: कर्करोगावर कोबाल्ट-६०, थायरॉईडला आयोडीन-१३१, वगैरे. मुलं त्या जोड्या लावण्याच्या प्रश्नासाठी पाठ करतात. त्या ओळी अर्धायुष्याला जोडून शिकवा. कारण आमच्या सगळ्या कामात पहिला प्रश्न तोच असतो: हे किती वेळ टिकायला हवं, आणि कधी संपायला हवं? औषध असो, कारखाना असो, नदीचं पाणी असो, त्या कामाला जेवढं आयुष्य लागेल तेवढ्या आयुष्याचं अणुकेंद्रक शोधलं जातं.

माझी सकाळच घ्या. रुग्णांच्या आधी मी येते आणि पहिलं काम करते ते धार काढण्याचं. जगभरच्या न्यूक्लिअर मेडिसिनवाल्यांनी टेक्नेशियम जनरेटरला गायीची उपमा दिली आहे, आणि ती आपल्याला समजावूनही सांगावी लागत नाही. शिशाच्या जाड कवचात एक छोटी काचेची नळी असते, तिच्यात ॲल्युमिनावर चिकटून बसलेलं मॉलिब्डेनम-९९. त्याचं अर्धायुष्य ६६ तास. ते क्षय पावत पावत टेक्नेशियम-९९एम तयार करत राहतं, त्याचं अर्धायुष्य ६ तास. सकाळी नळीतून सलाईन ओढून घेतलं की टेक्नेशियम त्यात उतरतं आणि मॉलिब्डेनम मागेच राहतं. उद्या सकाळपर्यंत कास पुन्हा भरलेली. आठवडा सरत आला की गाय आटते आणि नवी मागवावी लागते.

सहाच तास का? हाडांचा स्कॅन करायचा तर औषध शिरेतून दिल्यावर हाडांत पोचून नीट स्थिरावायला दोन-तीन तास लागतात. अर्धायुष्य दहा मिनिटांचं असतं तर कॅमेऱ्याखाली झोपवेपर्यंत सगळं संपलं असतं. दहा दिवसांचं असतं तर एका फोटोपायी रुग्णाने विनाकारण आठवडाभर मात्रा सोसली असती. सहा तासांत काम होतं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत क्षयानेच सोळावा हिस्सा उरलेला असतो. त्याचे किरण १४० किलोइलेक्ट्रॉन व्होल्टचे. शरीराबाहेर येऊन कॅमेऱ्यात पकडता येतात, पण त्यांची ऊर्जा फार जास्त नाही. आणि हे मूलद्रव्य निसर्गात जवळजवळ सापडतच नाही. मेंडेलीव्हने आवर्तसारणीत त्याच्यासाठी जागा मोकळी सोडली होती. १९३७ मध्ये इटलीत पेरिये आणि सेग्रे यांनी ते शोधलं, आणि माणसाने बनवलेलं पहिलं मूलद्रव्य म्हणून त्याचं नावच ग्रीक भाषेतल्या 'कृत्रिम' या शब्दावरून पडलं. त्र्याऐंशी गाठलेल्या आजीबाई स्कॅनसाठी आडव्या होतात, तेव्हा त्यांच्या अंगात मेंडेलीव्हची ती रिकामी चौकट भरलेली असते. आवर्तसारणी शिकवताना हे सांगून बघा.

६६ तासांचा आणखी एक धडा आम्ही २००९ मध्ये शिकलो. कॅनडातली चॉक रिव्हरची जुनी अणुभट्टी गळतीमुळे बंद पडली आणि वर्षभराहून जास्त काळ बंद राहिली. जगाला लागणाऱ्या मॉलिब्डेनमचा मोठा वाटा तिथून यायचा. देशोदेशी स्कॅन पुढे ढकलले गेले. मुलांना विचारा, गोदामात साठा का नव्हता केला? धान्याचा होतो, तेलाचा होतो. याचा होत नाही, कारण साठवलेलं अडीच-पावणेतीन दिवसांत अर्धं होतं. म्हणूनच ज्या देशाला आपल्या रुग्णांची काळजी आहे त्याला स्वतःच्या अणुभट्ट्या लागतात, वीज हवी असो वा नसो. आपल्याकडे ही परंपरा तुर्भ्याची, म्हणजे मुंबईतल्या ट्रॉम्बेची आहे. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तिथे 'अप्सरा' ही अणुभट्टी सुरू झाली, नंतर 'सायरस' आणि १९८५ मध्ये 'ध्रुव'. टेल्युरियमच्या ऑक्साईडवर न्यूट्रॉनचा मारा करून आयोडीन-१३१ तिथे बनतं. परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांच्या जन्माआधीपासून हे काम आपल्याच राज्यात चालू आहे.

आणि अर्धायुष्य नकाशाही आखतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आयोडीनचे आठ दिवस म्हणजे ते मुंबईहून निघून देशाच्या कोणत्याही कोपऱ्यात पोचू शकतं. पण पेट स्कॅनसाठी लागणाऱ्या फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य ११० मिनिटांचं. ते बनवणाऱ्या सायक्लोट्रॉन यंत्रातून निघाल्यापासून ते आटायला लागतं. गाडी घाटात दोन तास अडकली की निम्म्याहून जास्त गेलं. सायक्लोट्रॉनपासून दूर असलेल्या जिल्ह्यातल्या माणसाला पेट स्कॅनसाठी शहर का गाठावं लागतं, याच्या उत्तरात पैशाइतकाच या ११० मिनिटांचा वाटा आहे. हे गणित तर सातवीचं पोरही करेल.

मागोवा घेणं म्हणजे काय, हे सांगायचं असेल तर जॉर्ज द हेवेशीची गोष्ट सांगा. १९११ च्या सुमारास तो मँचेस्टरला रदरफोर्डच्या प्रयोगशाळेत होता आणि एका खानावळीत जेवायचा. मालकीणबाई उरलेलं अन्न पुन्हा वाढतात असा त्याला संशय. बाई कबूल होईनात. मग म्हणे त्याने एक दिवस ताटात उरलेल्या अन्नात किरणोत्सारी द्रव्याचा कण मिसळला आणि काही दिवसांनी पुढ्यात आलेल्या पदार्थावर उपकरण धरलं. गोष्ट कदाचित थोडी फुगली असेल, पण तिच्यातली कल्पना पक्की आहे, आणि ह्याच पद्धतीसाठी त्याला १९४३ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. चिमूटभर खूण टाकायची आणि ती कुठे जाते ते बघायचं. मी रुग्णाच्या शिरेत तेच करते.

बंदरातल्या गाळाचंही तेच. खाडीतला गाळ उपसून बोटींनी लांब नेऊन टाकतात, त्यावर अफाट खर्च होतो. टाकलेला गाळ भरतीबरोबर परत तिथेच येत असेल तर सगळा खर्च पाण्यात. कसं कळणार? गाळाला नाव-गाव नसतं. स्कँडियम असलेली काच बनवायची, ती गाळाच्या कणांएवढी बारीक दळायची, वजनही तितकंच साधायचं, अणुभट्टीत ठेवून तिचं स्कँडियम-४६ करायचं आणि समुद्रतळाशी सोडायची. मग बोटीमागे तळाशी शोधक ओढत फिरायचं आणि खूण कुठे सरकली त्याचे नकाशे काढायचे. मुंबई बंदरापासून हुगळीपर्यंत भाभा अणुसंशोधन केंद्राच्या लोकांनी हे काम केलं आहे. स्कँडियम-४६ चं अर्धायुष्य ८४ दिवसांचं. एका ऋतूभर माग काढता येतो, आणि दोन वर्षांत चारशे भागांत एक भागही उरत नाही. कोळी बांधवांच्या पाण्यात कायमचं काही टाकायचं नाही, ही अट निवडीतच पाळलेली आहे.

कारखान्यांकडे वळते. माझा धाकटा भाऊ पाइपलाइनच्या वेल्डिंगची तपासणी करतो, त्याच्याबरोबर एकदा साइटवर गेले होते. रात्रीचे साडेदहा. हे काम बहुतेक रात्रीच, कारण तेव्हा आसपास माणसं नसतात. दोरी आणि पट्ट्या बांधून हद्द आखलेली, लाल दिवा, छातीला मात्रा मोजणारा बॅज, हातात मीटर. पाइपच्या जोडावर एका बाजूने फिल्म गुंडाळलेली. 'कॅमेरा' म्हणतात ती वजनदार पेटी दूर ठेवून, लांबून हँडल फिरवलं की इरिडियम-१९२ ची इवलीशी गोळी केबलच्या टोकाला नळीतून सरकत जोडापाशी जाते. ठरलेला वेळ झाला की परत पेटीत. प्रत्येक वेळी भाऊ मीटर घेऊन पेटीपर्यंत चालत गेला आणि गोळी खरंच आत परतली आहे ना, हे आकड्यावर बघितल्याशिवाय त्याने कुणाला दोरी ओलांडू दिली नाही. सगळ्यात आधी मात्र त्याने खिशातला घडी पडलेला तक्ता काढला होता. इरिडियमचं अर्धायुष्य ७४ दिवस. मार्चमध्ये जो फोटो दोन मिनिटांत निघायचा त्याला जूनमध्ये चार मिनिटं लागतात. तो तक्ता म्हणजे तुमच्या फळ्यावरचा वक्र, ग्रीसचे डाग पडलेला.

कर्करोगाच्या कोबाल्ट यंत्राचं तसंच. कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य ५.२७ वर्षं, म्हणजे महिन्याला साधारण एक टक्का जोर कमी. जुन्या स्रोतावर रुग्णाला जास्त वेळ टेबलावर निपचित पडून राहावं लागतं. पाठीच्या दुखण्याने कण्हणाऱ्या माणसाला तो फरक कळतो.

हाच कोबाल्ट तुर्भ्याच्या 'आयसोमेड' या निर्जंतुकीकरण केंद्रात १९७४ पासून हातमोजे, टाके घालायचे दोरे, पट्ट्या निर्जंतुक करतो आहे. प्लॅस्टिक उकळत्या वाफेत टिकत नाही. गॅमा किरण मात्र सीलबंद खोक्याच्या आरपार जातात आणि खोकं उघडावंच लागत नाही. आणि हाच कोबाल्ट लासलगावला कांद्यावर. तिथला प्रकल्प २००२ मध्ये सुरू झाला. ६० ते ९० ग्रे (ग्रे हे शोषलेल्या किरणांच्या मात्रेचं एकक) एवढ्या अल्प मात्रेत कांद्याच्या कोंबाची वाढ थांबते. २००७ मध्ये आपला हापूस बऱ्याच वर्षांनी अमेरिकेत गेला, तोही इथूनच, किमान ४०० ग्रेची मात्रा घेऊन, म्हणजे कोयीत लपलेला भुंगा पुढे वाढू नये.

यावर बाजारात पहिला प्रश्न येतो: किरणं मारलेला कांदा खाऊन आपल्यात किरणं येणार नाहीत का? माझी आईच हे विचारायची. मी तिला गच्चीवरचे पापड दाखवले. दिवसभर उन्हात वाळलेल्या पापडात रात्री ऊन उरलेलं असतं का? कोबाल्ट पेटीतच राहतो, कांद्याला त्याचा स्पर्शही होत नाही, फक्त प्रकाश लागतो. त्या किरणांची ऊर्जा कांद्यातल्या अणुकेंद्रकाला धक्का लावण्याइतकी नसते. काकूच्या शरीरात मात्र खुद्द किरणोत्सारी द्रव्य गेलं होतं. 'किरण लागणं' आणि 'किरणोत्सारी द्रव्य अंगात असणं' हा फरक तुम्ही वर्गात एकदा नीट लावून दिलात तर एक्स-रे काढून आलेल्या आईजवळ बाळाला न देणारी घरं कमी होतील. कांद्याच्या बाबतीत एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायलाच हवी. किरणांनी कोंब थांबतो, सड थांबत नाही. काढणीनंतर ठरावीक काळातच मात्रा द्यावी लागते आणि पुढे साठवणही चांगली लागते. ज्यांनी शेतकऱ्याला हा जादूचा मंत्र म्हणून सांगितला त्यांनी त्या शास्त्राचं नुकसानच केलं.

पाण्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण आपल्या मुलांपैकी कितीतरी जणांच्या घरी बोअर आटलेला आहे. ट्रिटियम हा हायड्रोजनचा किरणोत्सारी भाऊ, अर्धायुष्य १२.३ वर्षं. वातावरणात तो विश्वकिरणांमुळे तयार होतो, पावसाबरोबर खाली येतो आणि जमिनीत मुरल्यावर त्याची भर थांबते. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या बॉम्ब चाचण्यांनी पावसातलं त्याचं प्रमाण कितीतरी पटींनी वाढवलं, १९६३ च्या सुमारास ते शिगेला पोचलं. माणसाच्या त्या करणीची खूण आज पाण्याचं वय ओळखायला उपयोगी पडते. विहिरीच्या पाण्यात ट्रिटियम सापडलं तर ते पाणी अलीकडच्या पावसाचं, तिथे बंधारा-चर खोदण्यात अर्थ आहे. मुळीच सापडलं नाही तर ते त्या चाचण्यांच्याही आधीचं जुनं पाणी, आणि आपण उपसतोय ती आजोबा-पणजोबांची ठेव आहे, तिच्यात भर पडत नाहीये. चारशे फुटांवर पाणी लागलं म्हणून पेढे वाटणाऱ्या गावाला हा फरक माहीत असायला नको का?

उत्तराखंडात चमोली जिल्ह्यातल्या गौचर भागात झरे आटत चालले होते. भाभा केंद्राच्या शास्त्रज्ञांनी पावसाचे आणि झऱ्यांचे नमुने घेऊन त्यातल्या ऑक्सिजन-१८ चं प्रमाण मोजलं. हा किरणोत्सारी नाही, नुसता थोडा जड आहे. डोंगर चढत जाणाऱ्या ढगातून जड पाणी आधी पडून जातं, म्हणून जितक्या उंचीवर पाऊस तितकं पाणी हलकं. झऱ्याचं पाणी किती हलकं आहे यावरून ते डोंगराच्या कोणत्या उंचीवर मुरलं ते कळलं. नेमके तिथेच चर आणि बांध घातले आणि झऱ्यांना पाणी वाढलं. सह्याद्रीच्या वाड्यावस्त्यांवर मार्चनंतर हंडे घेऊन दरी उतरणाऱ्या बायका बघितल्या की मला गौचर आठवतं.

सहलीला लोणारला मुलांना नेता, तेव्हाही हे सांगता येईल. उल्काघाताने झालेलं ते सरोवर सुमारे ५० हजार वर्षांचं आहे, असं आधीच्या एका पद्धतीने निघालं होतं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांवर नेलं. त्यासाठी आघातात वितळलेल्या दगडाचे तुकडे आधी अणुभट्टीत ठेवावे लागतात, मग त्यातल्या आर्गॉनच्या दोन प्रकारांचं प्रमाण मोजतात. इथलं घड्याळ पोटॅशियम-४०, अर्धायुष्य १२५ कोटी वर्षं. शिरूरजवळच्या इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीसाठी ते घड्याळ चाललं नसतं, तिथे ५,७३० वर्षांचं कार्बन-१४ लागतं. स्कँडियम ८४ दिवसांचं, इरिडियम ७४ दिवसांचं, टेक्नेशियम ६ तासांचं. ही सगळी एकाच फळीवर मांडलेली लहान-मोठी घड्याळं आहेत, आणि मुलांना ती तशी दिसली पाहिजेत असं मला मनापासून वाटतं.

मी भीती घालवायला निघाले आहे असं कृपया समजू नका. भीती योग्य जागी असावी, आणि जागा दाखवणारं गणितही हेच. २०१० मध्ये दिल्लीत मायापुरीच्या भंगार बाजारात एक जुनं यंत्र आलं. दिल्ली विद्यापीठाने १९६८ मध्ये घेतलेलं कोबाल्ट-६० चं संशोधन यंत्र, १९८५ पासून वापराविना पडून होतं, ते लिलावात भंगार म्हणून विकलं गेलं. कामगारांनी कापलं. एकाचा जीव गेला, इतर काही जण गंभीर आजारी पडले. ४२ वर्षं म्हणजे आठ अर्धायुष्यं, म्हणजे मूळच्या जोराचा २५६ वा भाग उरलेला. तरी माणूस मेला, कारण सुरुवातच हजारो क्युरींची (क्युरी हे किरणोत्साराचं एकक) होती. "जुनं झालं, आता काय असणार त्यात" हे वाक्य किती घातक आहे, ते आणि "आठ महिने झाले तरी ताट वेगळंच" हे दोन्ही एकाच गणिताने तपासता येतं. किती होतं, अर्धायुष्य किती, किती वेळ गेला. त्या कामगारांपैकी एकाला जरी किरणोत्साराचं तीन पाकळ्यांचं ते पिवळं चिन्ह ओळखता आलं असतं तर त्याने कटर खाली ठेवला असता. आज आठवीत बसलेल्यांपैकी काही जण उद्या भंगाराच्या धंद्यात जातील. चिन्ह त्यांनाही दाखवा.

आता शेवटी एक प्रयोग, ज्याला पैसा लागत नाही. मी तो माझ्या लेकीबरोबर घरी केला. चिंचोके घ्या आणि मधोमध फोडा. सारीपाटाला वापरतात तसे: एक बाजू तपकिरी, एक पांढरी. आम्ही २०० घेतले. सुपात घालून घोळायचे आणि जमिनीवर टाकायचे. पांढरी बाजू वर आलेले सगळे 'क्षय पावले' म्हणून उचलून बाजूला ठेवायचे, उरलेले मोजून पुन्हा घोळायचे. आमचे उरले १०८, मग ५५, ३१, १४, ८, ३. लेकीने पहिल्याच फेरीनंतर विचारलं, "बरोबर शंभर का नाही राहिले?" मोजके असले की नेमका आकडा सांगता येत नाही, कोणता पडेल हे तर मुळीच नाही, पण दोनशेंचं मिळून काय होईल ते सांगता येतं. अणूंचंही असंच आहे, फक्त तिथे ते इतके अगणित असतात की हिशोब चुकत नाही. हे तिला फळ्यावर समजवायला मला तास लागला असता. वर्गात प्रत्येक फेरीला एक नाव द्या. आयोडीन असेल तर 'आठ दिवस गेले' म्हणा. तीन चिंचोके उरतात तेव्हा सहा फेऱ्या झालेल्या असतात, म्हणजे ४८ दिवस. तिथे थांबून विचारा, आता काकूचं ताट कुठे ठेवायचं?

फोडलेला चिंचोका नाण्याइतका निःपक्षपाती नसतो, एका बाजूकडे थोडा जास्त कलतो. मुलांच्या ते लक्षात आलं तर येऊ द्या, फेरीगणिक किती उरतात त्यावरून त्यांनाच त्याचं खरं अर्धायुष्य काढू द्या. फक्त चिंचोके भिजवून फोडू नका. भिजवले की तपकिरी साल सुटून येते आणि मग दोन्ही बाजू पांढऱ्या दिसतात. कोरडेच घ्या, अडकित्त्याने फुटतात.

आपली नम्र,
न्यूक्लिअर मेडिसिन विभागातली एक तंत्रज्ञ